‘अकस्मात’ या शब्दाआड

पावसाळा ओसरला, दसरा-दिवाळीचे वेध लागले, की महाराष्ट्राच्या शहरांतून एक दृश्य ठिकठिकाणी दिसू लागते. गृहसंकुलांच्या गच्च्यांवरून दोर खाली सोडले जातात, दोरांना आडवी फळी बांधली जाते आणि त्या फळीवर बसून एक माणूस सातव्या-आठव्या मजल्याच्या भिंतीला रंग देऊ लागतो. खालून जाणारा क्षणभर मान वर करतो, ‘काय धाडस आहे पाहा’ असे म्हणतो आणि पुढे निघून जातो. तो रंगारी कोण, कोणत्या गावचा, त्याच्या कमरेला पट्टा आहे काय, त्याच्या दोराचे वरचे टोक गच्चीवर नेमके कशाला बांधले आहे, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. इमारतीचा रंग कोणता असावा, यावर सोसायटीच्या सभेत दोन-दोन तास चर्चा झालेली असते. दोराचा विषय मात्र निघालेलाच नसतो.

मग कधीतरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. अमुक मजल्यावरून पडून मजुराचा मृत्यू. पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद. बातमी तिथेच संपते. प्राथमिक नोंद म्हणून पोलिसांच्या दप्तरात हा शब्द वापरला जातो, तेवढ्यापुरती तक्रार नाही. पण दप्तरातला हा शब्द समाजाच्या मनातही जाऊन बसला आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ज्याला ‘कशामुळे’ हा प्रश्नच लागू होत नाही, ते ‘अकस्मात्’. वीज कोसळणे, भूकंप होणे यांना एक वेळ हा शब्द शोभेल. पण कठडा नसलेल्या स्लॅबच्या कडेवरून, फळी न टाकलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात, न बांधलेल्या परांचीवरून माणूस खाली येतो, तेव्हा ‘कशामुळे’ या प्रश्नाचे उत्तर तिथेच समोर उभे असते. ते द्यायचे नसते, म्हणूनच हा शब्द सोयीचा ठरतो.

गेल्या काही वर्षांतील मोठ्या दुर्घटना आठवून पाहाव्यात. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्यामध्ये एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि झोपेत असलेली १५ माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती. जुलै २०२१ मध्ये वरळीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील लिफ्ट कोसळून पाच जण गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात स्लॅबसाठी उभारलेली लोखंडी जाळी ढासळली. पाच मजूर तिच्याखाली सापडले. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर दीड महिनाही उलटला नव्हता, तोच १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम भागात चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम आटोपून खाली येणाऱ्या मजुरांना घेऊन लिफ्ट कोसळली. सात जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक वेळी मंत्री घटनास्थळी गेले, मदत जाहीर झाली, चौकशी समिती नेमली गेली. पंधरा-वीस माणसे एकदम जातात, तेव्हा निदान एवढे तरी होते. एकेकटा पडणारा माणूस समितीच्याही वाट्याला येत नाही, आणि पडणारे बहुतेक एकेकटेच पडतात.

त्यांचा आकडा किती? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार माणसे कामामुळे होणारे आजार आणि अपघात यांना बळी पडतात. त्यांपैकी अपघाती मृत्यू ३ लाख ३० हजार आहेत, तर केवळ जखमी होणाऱ्यांची संख्या ३९ कोटींच्या पुढे जाते. भारतातील नोंदणीकृत कारखान्यांची जी सरकारी आकडेवारी आहे, तिच्यानुसार २०१७ ते २०२० या काळात दरवर्षी सरासरी १,१०० हून अधिक कामगार मृत्यू पावले. म्हणजे दिवसाला तीन. पण हे झाले नोंदणीकृत कारखान्यांचे. उंचावरून पडण्याचा धोका ज्यांना रोजच असतो, ते गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, रंगारी, पत्रे बसवणारे, नळकाम करणारे या हिशेबात बसत नाहीत. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहणारा आणि जो बोलावील त्याच्या टेम्पोत चढणारा माणूस संध्याकाळी परत आला नाही, तर त्याची अनुपस्थिती मांडायला हजेरीपुस्तकच नसते.

ही माणसे पडतात तरी कशी, हे एकदा नीट पाहावे. कारण त्यात गूढ असे काहीच नाही. स्लॅब पडला, भिंती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. अशा वेळी मजल्याची कड चारही बाजूंनी उघडी असते. लिफ्टसाठी आणि पाइपांसाठी सोडलेल्या पोकळ्या प्लायवूडच्या तुकड्याने झाकलेल्या असतात आणि तो तुकडा खिळ्यांनी ठोकलेला नसतो. परांचीच्या फळ्या नुसत्या बांबूंवर टेकवलेल्या असतात. एका टोकावर पाय पडला, की दुसरे टोक उचलले जाते. सेंट्रिंग सोडवताना टेकू काढणारा स्वतःच त्या टेकूच्या आधाराने उभा असतो. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवरचे सिमेंटचे पत्रे मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, दुरुस्त केले जातात. उन्हापावसाने ठिसूळ झालेला पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. त्यावर आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचे असते. फळ्या नेल्या नाहीत, की पत्र्यासकट माणूस खाली. वीज कंपन्यांचे तारतंत्री खांबावर विजेचा धक्का बसून पडतात. कोकण-गोव्यात नारळ पाडणारे माडावरून पडतात. धंदे निरनिराळे, पण पडण्याची कारणे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी थोडी आणि वर्षानुवर्षे तीच आहेत.

पडणाऱ्याला सावरायला वेळ किती मिळतो? तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबची उंची साधारण नऊ मीटर धरली, तर तेथून निसटलेले शरीर दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि आदळताना त्याचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या घरात असतो. या वेगाने मोटार चालवणाऱ्याला पट्टा लावणे सक्तीचे आहे. दुचाकीवाल्याने शिरस्त्राण घातले नाही, तर चौकात दंड होतो. दीड सेकंदात माणसाच्या हुशारीला, अनुभवाला किंवा नशिबाला करण्यासारखे काही उरत नाही. जे करायचे, ते पाय घसरण्यापूर्वीच करून ठेवलेले असावे लागते. कठडा, पोकळीवर ठोकलेले झाकण, मजल्याखाली बांधलेली जाळी, नीट बांधलेली परांची, आणि एवढे करूनही धोका उरतो तिथे अंगभर घालायचा पट्टा व तो अडकवण्यासाठी वेगळा, भक्कम दोर, असा हा क्रम आहे. पट्टा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. परांची कशी उभारावी आणि सुरक्षा पट्टा कसा असावा, यासाठी भारतीय मानक संस्थेची प्रमाणके अनेक दशकांपासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ज्ञानाची उणीव कुठेच नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे वाईट माणसे नसतात. ‘पट्टे दिले तरी हे लोक घालतच नाहीत,’ असे ठेकेदार सांगतो, अभियंता सांगतो आणि सदनिकाधारकही मान हलवतो. यात तथ्य नाही असे नाही. पण तो का घालत नाही, हे विचारले पाहिजे. पट्टा आहे, पण त्याचा हुक अडकवायला जागाच नाही, अशी स्थिती कित्येक कामांवर असते. एकच हुक असेल, तर दर दोन पावलांवर तो सोडून पुन्हा लावावा लागतो. सोडलेल्या त्या क्षणीच माणूस असुरक्षित असतो. म्हणून दोन हुकांचे पट्टे लागतात. ते महाग पडतात म्हणून आणले जात नाहीत. रंगाऱ्याला आणि प्लॅस्टरवाल्याला मजुरी मिळते ती चौरस फुटावर. हुक लावण्यात गेलेला वेळ हा त्याच्या भाकरीतून वजा होतो. ज्या व्यवस्थेत जपून काम करणाऱ्याची मजुरी कमी होते, ती व्यवस्था बेपर्वाई शिकवते आणि नंतर शिकलेल्यालाच बेपर्वा ठरवते. शिवाय कायद्यानेही हा युक्तिवाद फार पूर्वीच बाजूला सारला आहे. कामगाराने मद्यपान केले होते, सूचना मोडली होती, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढले होते, अशी सबब किरकोळ किंवा अंशतः अपंगत्व आणणाऱ्या इजेपुरती मालकाला सांगता येते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सबब चालत नाही. १९२३ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे.

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध तर त्याहून जुना आहे. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची साप्ताहिक सुटी ही त्यातील मागणी आज सर्वांना आठवते, कारण तिचे फळ प्रत्येक घरात पोहोचले. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना जो कामगार गंभीर जखमी होईल, त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अधू होईल, त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी. आज १४० वर्षांनंतर रविवार सर्वांना मिळाला आहे. लोखंडे यांची ही दुसरी मागणी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुरापर्यंत अजून पोहोचायची आहे.

कायदे झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. १९२३ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आणि कामगार राज्य विमा अधिनियम आले. १९९६ मध्ये खास बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा करून त्यांच्या कल्याणासाठी वापरावा, असे ठरले. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम २००७ मध्ये केले. राज्याचे कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. म्हणजे संसदेत कायदा झाल्यावर राज्यातील मजुराला मंडळाचे दार दिसायला १५ वर्षे लागली. या काळात पुणे, ठाणे, नवी मुंबई यांची क्षितिजे पार बदलून गेली होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल देताना नोंदवले, की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला आणि त्यातले सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले. जे खर्च झाले, त्यांतूनही कुठे कुठे लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतली गेल्याचे पाहून न्यायालयाने उद्वेग व्यक्त केला. पैसा आहे आणि गरजवंतही आहे; त्या दोघांची गाठ पडत नाही.

ती का पडत नाही? मंडळाकडे नोंदणी करायची, तर मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जो ठेकेदार मजुराचे नावही कागदावर येऊ देत नाही, तो दाखला कशाला देईल? मजूर आज वाकडला, पुढच्या महिन्यात पनवेलला, होळीला आपल्या गावी. अपघात झाल्यावर पहिले वाक्य कानी येते ते हे की, ‘हा आमचा माणूसच नव्हे.’ विकासक मुख्य ठेकेदाराकडे बोट दाखवतो, मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराकडे आणि पोटठेकेदार मुकादमाकडे. मुकादम त्याच रात्री गावी निघून गेलेला असतो. मग मयताच्या भावाच्या हातात लाख-दीड लाख रुपये ठेवले जातात, कागदावर अंगठा घेतला जातो आणि रुग्णवाहिकेचे गावापर्यंतचे भाडे ‘माणुसकी’ म्हणून भरले जाते.

हा व्यवहार किती अन्यायाचा आहे, हे आकड्यांत सांगता येते. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणण्याचे आहे. १९२३ च्या कायद्यातील हे सूत्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवले. पंचवीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २१६.९१ आहे. वेतन १५,००० रुपये धरले, तर भरपाई १६ लाख २६ हजार ८२५ रुपये होते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९२३ च्या कायद्याने मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायला सांगितली. मालकाने वारसांच्या हाती परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जाणार नाहीत, असे बजावले. विधवेच्या अंगठ्याचा कोणी गैरफायदा घेऊ नये, एवढ्याचसाठी कायदा करणाऱ्यांनी हे कुंपण घातले होते. सोळा लाखांचा हक्क दीड लाखात मिटवला जातो, तेव्हा त्याला मदत म्हणत नाहीत. ती लूट आहे.

मरणाऱ्याविषयी एवढे तरी बोलले जाते. जो पडून जगतो, त्याचे काय? पाठीचा कणा मोडलेला तिशीचा तरुण शासकीय रुग्णालयातून दोन महिन्यांनी गावी पाठवला जातो, तो कमरेखाली निर्जीव होऊन. घरात खाटेवर एकाच कुशीवर पडून त्याला शय्याव्रण होतात. बायको मजुरीला जावी, की त्याची कूस बदलायला घरी थांबावी? मोठ्या मुलीची शाळा पहिल्यांदा सुटते. पुण्यात खडकी येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तेथे चाकाच्या खुर्चीवर बसून खेळणारे, चित्रे रंगवणारे, मानाने जगणारे सैनिक पाहिले, की कणा मोडला म्हणजे आयुष्य संपले असे नव्हे, हे पटते. राष्ट्र आपल्या सैनिकासाठी हे करते, आणि ते केलेच पाहिजे. पण ज्याने राष्ट्राचे पूल, धरणे, रुग्णालये आणि घरे उभारली, तो कामावर पडला, तर त्याच्यासाठी निदान एक खाट, एक चाकाची खुर्ची आणि एक सन्मानाचे काम का असू नये?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही नव्या श्रमसंहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांपैकी व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत काही तरतुदी स्वागतार्ह आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. ‘हा आमचा माणूसच नव्हे’ या वाक्याला तो कागद चोख उत्तर ठरू शकतो. सुरक्षा नियमांच्या उल्लंघनामुळे मृत्यू झाला, तर किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, आणि दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तथापि याच संहितेतील आणि औद्योगिक संबंध संहितेतील काही तरतुदींवर भारतीय मजदूर संघानेही आक्षेप घेतले होते, हे विसरून चालणार नाही. निरीक्षकाला आता ‘सुविधाकार’ही म्हटले गेले आहे. उद्योजकाला सुविधा अवश्य मिळावी; पण निरीक्षकाचा पाय परांचीला लागणार की नाही, आणि तो माणूस पडण्याआधी लागणार की नंतर, यावरच या संहितेची परीक्षा होईल. कायदा चांगला की वाईट, हे राजपत्रात ठरत नाही.

मात्र सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होणे, हीदेखील जबाबदारी टाळण्याचीच एक रीत आहे. समाज मनावर घेतो, तेव्हा काय घडते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दहीहंडीच्या थरांवरून गोविंदा पडत, जायबंदी होत. त्यावर चर्चा झाली, न्यायालयांत खटले चालले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने थरावरून पडून मृत्यू झाल्यास १० लाख, गंभीर अपंगत्व आल्यास साडेसात लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. वरच्या थरावरील बालगोविंदाच्या कमरेला आता दोर दिसू लागला आहे. हे योग्यच झाले. गोविंदा हा आपला मुलगा आहे, आपल्या गल्लीतला आहे, म्हणून त्याच्या पडण्याने जीव कळवळला. वर्षातून एक दिवस उंच चढणाऱ्यासाठी जे सुचले, ते रोज उंच चढणाऱ्यासाठी सुचू नये, याचे कारण एवढेच की तो मजूर आपल्या गल्लीतला वाटत नाही. तो बिहारचा असतो, बंगालचा, मराठवाड्यातल्या दुष्काळी तालुक्यातला असतो. एकात्म समाजाची भाषा बोलणाऱ्यांनी या ठिकाणी स्वतःला तपासून पाहिले पाहिजे.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती यातले पुष्कळ आहे. गृहनिर्माण सोसायटी रंगकाम, जलरोधन किंवा दुरुस्तीसाठी दरपत्रके मागवते आणि सर्वांत कमी दराचे पत्र स्वीकारते. दर कमी करताना ठेकेदार सिमेंट फार कमी करू शकत नाही, कारण ते दिसते. तो सुरक्षा कमी करतो, कारण ती कोणी पाहत नाही. म्हणून सुरक्षेचा खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीत मागवावा आणि तुलनेतून तो वगळावा. मग या रकमेत चढाओढ करण्याचे कारणच राहत नाही. काम सुरू होण्यापूर्वी कामगारांची नावे आणि त्यांच्या विम्याची प्रत ताब्यात घ्यावी. पट्ट्याचा दोर हा फळीच्या दोराहून वेगळा आणि गच्चीवर भक्कम जागी बांधलेला आहे, हे समितीच्या एका सदस्याने रोज सकाळी वर जाऊन पाहावे. जोराचा वारा किंवा पाऊस असेल, तर त्या दिवशी काम थांबवावे. एका चांगल्या पट्ट्याची किंमत पुण्या-मुंबईतील सदनिकेच्या एका चौरस फुटाच्या दराहून कमी असते. घर घेताना विकासकाला वाहनतळाविषयी दहा प्रश्न विचारणाऱ्याने अकरावा प्रश्न मजुरांच्या नोंदणीविषयी विचारला, तर तोही त्या विक्री कार्यालयात ऐकला जाईल.

आणि एवढे करूनही कोणी पडलाच, तर त्याला हातापायांना धरून रिक्षात घालण्याची घाई करू नये. मोडलेला कणा अशा उचलण्याने कायमचा निकामी होतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मान आणि पाठ हलू न देता त्याला आहे तसा राहू द्यावे. पट्ट्याला लटकून राहिलेल्या माणसालाही लगेच खाली घ्यावे लागते. बराच वेळ निश्चल लटकल्याने पायांत रक्त साकळून प्राणावर बेतू शकते.

सेवावस्त्यांमध्ये जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी तर येथे कामाचा डोंगर आहे. मजुराला ९० दिवसांचा दाखला मिळवून देणे, मंडळाचा अर्ज भरून देणे, नूतनीकरणाची तारीख ध्यानात ठेवणे, अपघातानंतर विधवेला अंगठा उठवण्यापूर्वी आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत सोबत करणे, या कामांना भाषण लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. चिकाटी लागते. एका वस्तीत दहा नोंदण्या झाल्या, तरी दहा घरांच्या डोक्यावरचे छप्पर पक्के झाले असे समजावे.

खंडेनवमीला महाराष्ट्रात अवजारांची पूजा होते. थापी, ओळंबा, करवत, हातोडा धुऊन-पुसून पाटावर मांडले जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. निर्जीव लोखंडाविषयी कृतज्ञ राहायला शिकवणारी ही परंपरा थोर आहे. पण त्या पूजेचा अर्थ अवजारापाशी थांबत नाही. अवजार धरणाऱ्या हातापर्यंत तो पोहोचला पाहिजे. घर बांधून झाले, की वास्तुशांत होते. बांधताना कळत-नकळत झालेल्या जीवहिंसेचा दोष निवारण व्हावा, असा भाव त्या विधीमागे सांगितला जातो. मुंगीच्या जीवाचीही क्षमा मागणाऱ्या समाजाने, या भिंती उभारताना कोणी माणूस पडला होता काय, एवढे तरी विचारावे.

‘अकस्मात’ हा शब्द पोलिसांच्या दप्तरातून लगेच जाणार नाही. तो समाजाच्या बोलण्यातून मात्र काढून टाकता येईल. येत्या दसऱ्याला गच्चीवरून दोर खाली सुटतील, तेव्हा कोणीतरी जिना चढून वर जावे, तो दोर कशाला बांधला आहे हे पाहावे, आणि गाठ सैल असेल तर काम थांबवावे. ‘कशामुळे’ हा प्रश्न विचारण्याची वेळ तीच आहे. माणूस खाली आल्यावर विचारलेल्या प्रश्नाचा त्याला काही उपयोग नसतो.